ऐकलेत, आता बोला!

दिवाळीच्या चार दिवसांत घरात दोन गोष्टींची रेलचेल होते. एक फराळाची आणि दुसरी माणसांची. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले गावी येतात, लेकी माहेरपणाला येतात, आणि एरवी दोनच माणसे वावरत असलेल्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. परतवाड्याच्या एस. टी. स्टँडवर या दिवसांत जरा उभे राहून पाहावे. अमरावतीकडून गाडी आली, की बॅगा सांभाळीत उतरणाऱ्या तरुण मंडळींच्या कानांत इवलाली बोंडे खोचलेली दिसतात. गाणी ऐकत असतील, असे आपल्याला वाटते. विचारावे, तर उत्तर येते, "पुस्तक ऐकतोय, काका."

ही चाल आता तरुणांपुरतीच राहिलेली नाही, बरे का! चकलीची भाजणी भाजता भाजता आणि करंजीला मुरड घालता घालता गृहिणीही पुस्तके ऐकतात. एखादी एकटीच हसते, एखादी मध्येच पदराने डोळे टिपते, आणि देवघरातल्या सासूबाईंना कळत नाही, की सूनबाईंना झाले तरी काय!

या बोलक्या पुस्तकांना ऑडिओबुक म्हणतात, हे आता सांगायला नको. कल्पना तशी जुनीच आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जे उपयोग त्याने लिहून ठेवले, त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तके हा एक होता. ती प्रत्यक्षात यायला मात्र १९३० नंतरची वर्षे उजाडावी लागली. अमेरिकेत आणि इंग्लंडात अंधांसाठी तबकड्यांवर पुस्तके निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना त्यांचा मोठा आधार झाला. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी ऐकून एक सबंध पिढी हसली. आणि आता सारे मोबाइलमध्ये आले आहे. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली, ती मराठी पुस्तके घेऊनच. पुढच्या वर्षी ऑडिबल आली. आज दोन-अडीचशे पानांची कादंबरी सात-आठ तासांत कानावरून जाते. म्हणजे आठवडाभराच्या पोळ्या लाटून होईपर्यंत एक कादंबरी संपते म्हणाना!

कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला आणखी एक प्रकार घरोघर शिरला आहे. नात्यांविषयीची पुस्तके आणि ती लिहिणाऱ्यांशी झालेल्या गप्पा. नवरा-बायकोतला अबोला कसा फुटावा, 'नाही' म्हणायला कसे शिकावे, मुले घराबाहेर पडल्यावर आईने आपला दिवस कशाने भरावा, नोकरी संपल्यावर पुरुषाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे, 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर चाळिशीनंतर नव्याने कसे शोधावे, असे विषय त्यांत असतात. लेखक बोलतो, कोणी एक जण त्याला प्रश्न विचारतो, आणि आपण भाजी चिरता चिरता ते ऐकतो.

या विषयावर लिहायचे कारण एक पत्र. परतवाड्याच्या एका वाचक भगिनीने ते धाडले आहे. वय छप्पन्न, यजमान नोकरीतून निवृत्त, एकुलती एक मुलगी पुण्याला कंपनीत. त्या लिहितात, "गेल्या वर्षभरात मी अठरा पुस्तके ऐकली. गप्पा ऐकल्या त्या वेगळ्याच. एक पुस्तक तर आई आणि मुलगी या नात्यावरच होते. लेखिका जणू आमच्या स्वयंपाकघरात बसून बोलत होती. ऐकताना मी रडले. पण रविवारी मुलीचा फोन आला, की माझ्या तोंडून 'जेवलीस का?' यापुढे शब्द निघत नाही. निघालाच तर तो तिच्या लग्नाचा, आणि मग ती गप्प होते. यंदा दिवाळीला येईन की नाही ते नक्की नाही, म्हणते. मला सगळे पटले आहे, पण घरात काहीच बदलले नाही. हे असे का?"

प्रश्न मोठा प्रामाणिक आहे, आणि तो एकट्या या बाईंचा नाही. अठरा पुस्तके पटूनही घर जिथल्या तिथे का राहते? उत्तरासाठी फार लांब जायला नको. या बाई ज्या जिल्ह्यात राहतात, त्या जिल्ह्यानेच ते तीन वेळा देऊन ठेवले आहे.

पहिले उत्तर रिद्धपूरचे. परतवाड्याहून मोर्शीच्या बाजूला गेले, की महानुभावांचे हे क्षेत्र लागते. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तिथे गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला गद्य ग्रंथ उभा राहिला. आज त्याच गावी मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे, ते उगीच नव्हे. पण हा ग्रंथ आहे कसा? स्वामी एकटे बोलताहेत आणि बाकीचे माना डोलावताहेत, असा नाही. कोणी शंका काढते, कोणी रुसते, कोणी खोडून विचारते. त्यांत स्त्रियाही आहेत. महदाइसा तर सदान्‌कदा काही ना काही विचारीत असे; मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो, पण तिची पहिली ओळख प्रश्न विचारणारी बाई हीच म्हणावी लागेल. ज्यांच्या देखत प्रसंग घडले त्यांना गाठून म्हाइंभटांनी ते विचारून घेतले. पुढे धामधुमीत पोथ्या गेल्या, तेव्हा मंडळींनी त्या स्मरणातून पुन्हा उभ्या केल्या, असे परंपरा सांगते, आणि हिराइसेच्या पाठाला त्यांत मोठा मान आहे. एका बाईच्या कानांनी आणि आठवणीने सबंध ग्रंथ सांभाळला! नुसते ऐकून सोडून दिले असते, तर हे शक्य झाले असते का? ऐकलेले पुन्हा पुन्हा बोलले गेले, म्हणून ते अंगी लागले.

दुसरे उत्तर गाडगेबाबांचे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नव्हता. पण त्यांच्या कीर्तनाला हजारोंनी माणसे बसत. त्यांची रीत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती विसरता येत नाही. बाबा सांगत थोडे आणि विचारीत फार. कर्ज काढून सण करावा का? दारूने कोणाचे भले झाले? पोराला शाळेत घातले का? प्रश्न टाकायचा आणि थांबायचे. समोरचा समुदाय एका आवाजात उत्तर द्यायचा. ते उत्तर तोंडातून एकदा बाहेर पडले, की माणूस अडकला! चार गावांच्या देखत "नाही" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गुत्त्याची वाट धरताना पाय जड व्हायचेच. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते अवश्य ऐकावे. बाबा विचारतात आणि लोक उत्तरतात, ही सारी चाल त्यांत कानाला लागते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले.

आता आपल्या मोबाइलमधल्या लेखकाकडे वळू. तो बिचारा विद्वान आहे, आवाज गोड आहे, तळमळही खोटी नाही. पण तो आपल्याला थांबून विचारीत नाही, की "बाई, तुम्ही काल काय केलेत?" आणि विचारले तरी आपण उत्तर देत नाही. कुकरची शिट्टी होते आणि प्रकरण पुढे सरकते. शिवाय ऐकताना आपण सगळेच एक चलाखी करतो. राग आवरण्याचे प्रकरण लागले, की आपल्याला यजमान आठवतात. हट्टीपणाचे प्रकरण आले, की सासूबाई डोळ्यांपुढे येतात. "हे आमच्या ह्यांनी ऐकायला हवं होतं!" असे प्रत्येक पानाला वाटते. ह्यांनी ऐकले, तर ह्यांना प्रत्येक पानाला आपली आठवण येईल, हा भाग अलाहिदा. पुस्तक सगळ्यांना पटते आणि कोणालाच लागू पडत नाही, ते असे.

तिसरे उत्तर तर खुद्द परतवाड्याचे आहे. गो. नी. दांडेकर, आपले गोनीदा, यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला झाला. 'शितू', 'पडघवली', 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा' लिहिणारा हा लेखक पुष्कळांना कोकणचा किंवा मावळचा वाटतो. आहे तो वऱ्हाडच्या मातीतला. वयाच्या तेराव्या वर्षी, सातवीची शाळा सोडून, हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने घराबाहेर पडला. गाडगे महाराजांच्या मागे गावोगाव हिंडला. वेदान्त शिकला. नर्मदेची परिक्रमा केली. 'मी कोण?' हा जो प्रश्न आज ऑडिओबुकात आठ-दहा तासांत सोडवून मिळतो, तो त्यांनी वर्षानुवर्षे पायांनी सोडवला. त्या भटकंतीतून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आली, आणि पुढे 'स्मरणगाथा' आली. 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८१ साली अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी गोनीदा होते. तेराव्या वर्षी घर सोडलेला मुलगा पासष्टीच्या घरात असा आपल्या मुलखात परतला.

त्यांच्या जीवनात मला या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र पुढची आहे, आणि ती त्यांच्या लेकीने केली. वीणा देव यांनी, पती विजय देव यांच्या साथीने, वडिलांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन सुरू केले. वेशभूषा नाही, देखावा नाही. समोर संहिता ठेवून चार माणसे बसतात आणि वाचतात. १९७० च्या दशकात सुरू झालेले हे वाचन पुढे कित्येक वर्षे गावोगाव होत राहिले. नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी, हीही त्यात वाचू लागली. गोनीदा १९९८ साली गेले, पण त्यांची वाक्ये त्यांच्याच घरातल्या आवाजांत लोकांच्या कानावर पडत राहिली. २०२४ साली वीणाताईही गेल्या.

बापाने लिहिलेले वाक्य लेकीने मोठ्याने वाचायचे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. डोळ्यांनी वाचताना आपण भरभर पुढे जातो. मोठ्याने वाचायचे म्हटले, की कुठे थांबायचे ते ठरवावे लागते. कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, कोणता हळूच टाकायचा, हे ठरवावे लागते. म्हणजेच त्या वाक्याविषयी आपले काय मत आहे, हे आधी स्वतःशी बोलावे लागते. आणि घरातलीच माणसे एकत्र बसून वाचू लागली, की "तू हे इतक्या रागाने का वाचतेस?" असे कोणीतरी विचारणारच. तिथून खरे संभाषण सुरू होते. रिद्धपूरला माणसे विचारीत होती, गाडगेबाबांना माणसे उत्तर देत होती, आणि या घरात माणसे एकमेकांसमोर वाचीत होती. तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला तोंड होते. आपल्या कानातल्या बोंडाने नेमके तेच काढून घेतले आहे.

म्हणून बोंडे फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. ज्या बाईला दुपारी दोन शब्द बोलायला घरात कोणी नाही, तिला या आवाजाची किती सोबत होते, ते मला ठाऊक आहे. ज्यांची दृष्टी मंदावली त्यांना तर हे वरदानच आहे. पुस्तकाने एक फार मोठे काम केलेले असते. आपल्या मुक्या दुखण्याला ते नाव देते. पण नाव कळल्याने दुखणे बरे होत नाही. पुढचे काम घरातच करावे लागते.

ते कसे होते, याचे एक उदाहरण सांगतो. तेही परतवाड्याचेच आहे; नावे सांगत नाही. घरात नवरा-बायको दोघेच. यजमान सागवानाच्या एका वखारीत तीस-पस्तीस वर्षे मुनीम होते. वखार बंद झाली. त्यानंतर दोन वर्षे हे गृहस्थ रोज सकाळी नऊला कपडे करून बाहेर पडत आणि साडेअकराला परत येत. कुठे जातात, ते सांगत नसत. बाईंनी मनाशी ठरवून टाकले, की यांना घर नकोसे झाले आहे, आपण नकोशा झालो आहोत. त्याही पुस्तके ऐकू लागल्या, एकट्याच. शेवटी दिवाळीला आलेल्या सुनेने एक युक्ती काढली. कानातले बोंड काढायचे, मोबाइल टीपॉयवर ठेवायचा, आणि चारच्या चहाला दोघांनी मिळून फक्त पंधरा मिनिटे ऐकायचे. मग बंद करायचे आणि प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचे. अट एकच, वाक्याची सुरुवात 'मी' या शब्दाने झाली पाहिजे. 'तू' चालणार नाही, 'लोक' चालणार नाही, 'आजकालची पिढी' तर मुळीच नाही.

पहिले तीन दिवस मुनीमजी म्हणाले, "मी काय सांगू? मले काही सुचत नाही." चौथ्या दिवशी नोकरी सुटलेल्या माणसाविषयीचे प्रकरण लागले. चहा संपला. बराच वेळ गेला आणि ते म्हणाले, "मी अजून रोज वखारीपाशी जातो. तिथं पानठेल्यावाला अजून मुनीमजी म्हणते. बाकी आता कोनीच म्हणत नाही."

बाई ऐकतच राहिल्या. दोन वर्षे ज्याचा त्यांनी स्वतःवरचा राग म्हणून हिशेब मांडला होता, ते एका हाकेसाठीचे हेलपाटे होते! त्या म्हणाल्या, "अवो, मंग सांगाचं नाही काय मले?" उत्तर आले, "तू इचारलंच नाही."

पुढे काही चमत्कार झाला नाही. ते अजूनही सकाळी बाहेर पडतात. पण आता जाताना सांगून जातात, आणि येताना कधीमधी पानही आणतात. बाईंचा दोन वर्षांचा गैरसमज पंधरा मिनिटांत गेला, एवढे मात्र खरे. लेखकाने तो घालवला असे म्हणायचे का? लेखकाने दार ढकलले. आत पाऊल टाकले ते मुनीमजींनी.

या बोलक्या पुस्तकांविषयी दोन-तीन सावधगिरीच्या सूचना द्यायला हव्यात. पहिली अशी, की नात्यांवरची पुष्कळ पुस्तके अमेरिकेतल्या घरांकडे पाहून लिहिलेली असतात आणि मग मराठीत येतात. "स्वतःसाठी एक खोली राखून ठेवा," असे त्यांत सहज सांगून टाकतात. अहो, तीन खोल्यांच्या घरात एक खोली आजेसासूबाईंची, एक मुलांच्या अभ्यासाची आणि तिसरे स्वयंपाकघर! तिथे खोलीच्या ऐवजी सकाळचा अर्धा तास मागून घ्यावा. सल्ला घ्यावा, पण आपल्या घराच्या मापाने बेतून घ्यावा. दुसरी सूचना अशी, की सांगणारा माणूस कोण, त्याने त्या विषयाचा अभ्यास केला आहे की फक्त स्वतःच्या यशाची गोष्ट सांगतो आहे, हे पाहून ठेवावे. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, असे दुखणे असेल, तर ते पुस्तकाचे काम नव्हे. तिथे डॉक्टरच हवा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवला, तर विनामूल्य आणि आपल्या भाषेत बोलता येते. त्यात कमीपणा मानू नये. ताप आला तर आपण घरीच कादंबरी ऐकत पडून राहत नाही.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडातल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. ऑडिओबुकातले आवाज बहुधा पुण्या-मुंबईच्या वळणाचे असतात. ऐकायला ते छानच वाटतात. पण 'मी कोण?' हा प्रश्न जर आपल्याला खरोखरच पडला असेल, तर आपण ज्या बोलीत पहिल्यांदा रडलो आणि भांडलो, ती बोली त्या उत्तरात नको का? उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. नवरा, पोरे आणि दारिद्र्य यांच्याशी झुंजणाऱ्या कौतिकची ती कहाणी वऱ्हाडी बोलीत बोलते. नात्यांविषयी दहा पुस्तके ऐकण्याऐवजी ही एक कादंबरी घरात मोठ्याने वाचून पाहा. पुण्याच्या निवेदकाला ती तुमच्या आजीइतकी चांगली वाचता येणार नाही. मुलांना सुरुवातीला हसू येईल. मोठ्या शहरात गेल्यावर 'मले-तुले' विसरायला ती शिकलेली असतात. पण पाच-सहा पानांनंतर हसू थांबेल, असे मला वाटते. मोबाइलमध्ये ऐकण्याची सोय आहे, तशी आवाज भरून ठेवण्याचीही आहे, हे आपण विसरतो. आजीचे वाचन भरून ठेवा. दहा वर्षांनी घरातले सर्वांत मोलाचे ऑडिओबुक तेच असेल, आणि त्याला वर्गणीही पडणार नाही!

आता पत्र लिहिणाऱ्या त्या भगिनीस.

ताई, मुलीला ते आई-मुलीचे पुस्तक पाठवताना "हे ऐक, तुझ्या उपयोगी पडेल" असे लिहू नका. ते पुस्तक मग पुस्तक राहत नाही, उपदेश होतो, आणि उपदेशाचा डबा आपल्या मुली उघडतसुद्धा नाहीत. ज्या प्रकरणाला तुम्ही रडलात, तेवढेच पाठवा आणि लिहा, "इथे मला रडू आले. तुला इथे काय वाटते, ते मला ऐकायचे आहे." रविवारी फोन आला, की 'जेवलीस का?' जरूर विचारा. त्या दोन शब्दांत आपल्याकडच्या आयांची सारी माया असते, त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. "माझ्या कोणत्या बोलण्यानं तू गप्प होतेस?" असे विचारा आणि गाडगेबाबांसारखे थांबा. उत्तर येईपर्यंत थांबा. ते गोड नसेल. "मी तुझ्या भल्यासाठीच बोलते ना!" हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, ते त्या दिवसापुरते गिळा. अठरा पुस्तके ऐकणाऱ्या बाईला लेकीचे एक उत्तर मध्ये न बोलता ऐकता येणार नाही, असे मला वाटत नाही. पहिल्या रविवारी कदाचित ती फोन ठेवून देईल. ठेवू दे. पुढचा रविवार आहेच. लग्नाचा प्रश्न त्यातून सुटेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण आपल्या आईला आपले उत्तर ऐकायचे आहे, एवढे मुलीला कळले, तरी पुष्कळ झाले.

बाकीच्या वाचकांनाही दिवाळीपुरती एक सूचना आहे. भाऊबीजेच्या आदल्या किंवा नंतरच्या रात्री, जेवणे आटोपली, की एक तास काढा. दूरदर्शन बंद, बोंडे डबीत. घरातल्या कोणाच्याही आवडीचे एक पुस्तक घ्या, आणि प्रत्येकाने दोन पाने मोठ्याने वाचा. आजोबांनी, नातवाने, जावयाने, सगळ्यांनी. जावईबापू आढेवेढे घेतील. त्यांना अनारशांचे आमिष दाखवा. मग पुस्तक मिटा आणि एकच विचारा, की यात तुम्हाला तुमचे काय सापडले. चिखलदऱ्याला सहलीला निघाला असाल, तर घाटात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा पुस्तक परतवाड्यातच उतरवून घ्या आणि गाडीत सर्वांना ऐकू येईल असे लावा. घाट संपेपर्यंत एखादे प्रकरण संपेल, आणि वर जाऊन बोलायला विषय होईल.

कोणी काही बोललेच नाही तर? तर आपणच पहिले वाक्य बोलावे, 'मी'पासून सुरू होणारे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते बोलले, तर सर्वांत बरे. मुलांना धीर येतो.

ही दिवाळी आपणां सर्वांस सुखाची जावो, आणि घरोघरी एखादे तरी अडलेले बोलणे मोकळे होवो!